मृगाआधी पेरायची फुले



कामगार संघटनेचा माणूस बोलायला उभा राहिला की बोनस, महागाई भत्ता किंवा एखाद्या नव्या कायद्याची कलमे ऐकावी लागणार, अशी श्रोत्यांच्या मनाची तयारी असते. गेली अठ्ठावीस वर्षे मी तेच बोलत आलो, तेव्हा त्यात श्रोत्यांची चूक नाही. यंदा मालेच्या चालकांनी विषय माझ्यावर सोपविला आणि मी बी पेरण्याचा विषय मागून घेतला. चालकांपैकी एका स्नेह्यांनी विचारले, "भाऊ, ह्यात संघटना कुठे आली?" मी म्हटले, ओघात आली तर येईल, नाही आली तर आपण सुटलात.

मी शेतकी पदवीधर नाही. नववीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. जे काही कळते ते वाचनालयातल्या पुस्तकांतून, रोपवाटिकांत काम करणाऱ्या बायांकडून आणि मेलेल्या रोपांकडून शिकलो. ह्या तिसऱ्या गुरूने फी जबर घेतली. ती हकीकत पुढे येईल.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे गावोगाव तशा माला निघाल्या. चैत्र-वैशाखातल्या संध्याकाळी माणूस जरा मोकळा असतो, हवा पडलेली असते, ऐकायला बसावेसे वाटते. पण नेमक्या ह्याच दिवसांत घरच्या फुलांची एक पेरणी उरकून घ्यायची असते, आणि शहरातले आपण ती हटकून विसरतो. पहिला पाऊस पडला, मातीचा वास आला, की आपल्याला झाडांची आठवण होते. मग जुलैत रोपवाटिकेत जाऊन फुले लागलेली रोपे विकत आणायची आणि पंधरा दिवसांत ती माना टाकताना पाहायची, असा आपला रिवाज. शेतकरी असे करीत नाही. अक्षय्य तृतीयेला त्याच्या घरच्या बाईने परसात आळी करून भोपळ्या-दोडक्याच्या बिया टोचलेल्या असतात. सूर्य २५ मेच्या सुमारास रोहिणीत आणि ७-८ जूनला मृगात जातो, हे पंचांग न उघडता त्याला ठाऊक असते.

पावसाआधी पेरायचे ते का? कारण साधे आहे. बी रुजून तिला चार-सहा खरी पाने यायला तीन आठवडे लागतात. ह्या तीन आठवड्यांत रोपाला ऊन हवे, ऊब हवी आणि पाणी बेताचे हवे. वैशाखात ऊन नि ऊब फुकट मिळते आणि पाणी आपल्या झारीत, म्हणजे आपल्या हातात, असते. जूनच्या मध्यानंतर तिन्ही उलटतात. आभाळ भरलेले, ऊन नाही म्हणून रोप उजेडाच्या दिशेने लांबट, फिके, दोऱ्यासारखे वाढते. त्यावर टपोरे थेंब बसतात आणि ते झोपते. तेच रोप पावसाआधी चार पानांचे झाले असेल तर पहिल्या सरीला ते अंग धरते. मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून धरतात. तिथून तीन आठवडे मागे मोजा, म्हणजे २१ मे येते. देशावर पाऊस उघडझाप करीत येतो, तिथे आठवडाभर उशीर चालेल. कोकणात मात्र उशीर चालत नाही, आणि रोपे वळचणीखाली ठेवावी लागतात.

असे मागे मोजणे ही ह्या कामातली निम्मी विद्या आहे. बहुतेक हंगामी फुलझाडांना पेरणीपासून पहिले फूल यायला पन्नास ते सत्तर दिवस लागतात. म्हणजे मे अखेरीची पेरणी श्रावणात फुलणार. श्रावणातले सोमवार, मंगळागौर, पुढे गौरी-गणपती, ह्यांना घरचे फूल हवे असेल तर बी आता पडले पाहिजे. दसऱ्याचा झेंडू मात्र आता पेरू नये. लोक उत्साहाने मेमध्ये पेरतात आणि दसऱ्यापर्यंत झाड म्हातारे होऊन त्याला बोराएवढी फुले येतात. दसऱ्यासाठी जुलैतली पेरणी योग्य. शिवाय झेंडूच्या उंच, मोठ्या गोंड्याच्या जाती दिवस लांब असले की पाने वाढवीत बसतात आणि दिवस लहान होऊ लागल्यावर फुलण्याकडे वळतात. तेव्हा आता पेरायचाच तर बुटका, लहान फुलांचा मखमली झेंडू पेरावा. तो दिवसाच्या लांबीची फारशी फिकीर करीत नाही.

आता ती हकीकत. २००४ सालची गोष्ट. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातला एक कारखाना बंद पडला आणि आमचे अकरा सभासद घरी बसले. देणी मिळायला कोर्टाची वाट होती, आणि ती वाट किती लांब असते हे इथे सांगायला नको. त्यांच्या घरच्या बायांनी ठरविले की फुलझाडांची रोपे करून जुलैत विकायची. कल्पना चांगली होती. संघटनेच्या मदतनिधीतून थोडी रक्कम उसनी काढली. एका सभासदाच्या घरामागे मोकळी जागा होती. सहाशे पिशव्या भरल्या, झेंडू, झिनिया आणि तेरडा पेरला. मेच्या तिसऱ्या आठवड्यात पेरणी झाली, उगवण अशी सुरेख झाली की रोज संध्याकाळी आम्ही पुरुषमंडळी ती पाहायला जात होतो. ह्या सगळ्याचा व्यवस्थापक मी. कारण काय, तर पुस्तक मी वाचले होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वळवाची जोरदार सर आली. मी धावतपळत जाऊन सगळ्या पिशव्यांवर प्लास्टिकचा कागद ओढला, कडा विटांनी दाबल्या, आणि "तीन दिवस उघडू नका" असे बजावून एका वाटाघाटीसाठी नाशिकला गेलो. परत आलो तेव्हा कागद काढला. रोपे हिरवीच होती, पण आडवी. मातीच्या अगदी लगत देठ पाणचट होऊन दोऱ्यासारखा बारीक झालेला, आणि वरची पाने अजून ताजी. चारशेच्या वर रोपे गेली होती. बाया काही बोलल्या नाहीत. त्यांच्यात एक वयस्क बाई होत्या, सगळे त्यांना आक्का म्हणत. त्यांचे अर्धे आयुष्य रोपवाटिकेत रोजंदारीवर गेलेले. त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊ, पावसानं नाही मारलं. कोंडून मारलंत."

मदतनिधीचा तो हिशेब मला सभेत उभे राहून द्यावा लागला. आयुष्यात पुष्कळ सभांतून मी मालकांना हिशेब विचारला आहे. त्या दिवशी देण्याची पाळी माझी होती.

ह्या रोगाला शेतकरी रोपे कोलमडणे म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया अशा नावांच्या बुरशा मातीत असतातच. त्या कुठून येत नाहीत, तिथेच वस्तीला असतात. पिथियमची बीजके तर पाण्याच्या पातळ थरातून पोहत जातात. ओल सतत, हवा कोंडलेली, रोपे दाटीने उभी आणि उजेड कमी, एवढे जमून आले की त्या कोवळ्या देठावर चढतात. म्हणून उपाय औषधाच्या आधी व्यवस्थेचा आहे. कुंडीला किंवा डब्याला खाली चार भोके हवीत, एक नव्हे. बी विरळ पडावी. पाणी सकाळी घालावे, म्हणजे रात्रीपर्यंत वरची माती सुकते. संध्याकाळी पाणी घालण्याची आपली सवय मोठ्या झाडांना ठीक, रोपांना घातक. पाऊस आला तर वरून आडोसा द्यावा, पण बाजू मोकळ्या ठेवाव्या. आक्का बांबूच्या चार खुंट्यांवर कागद ताणीत, हातभर उंचीवर, आणि वाऱ्याच्या बाजूला उतार देत. एवढाच फरक.

वैशाखाचे ऊन इथेही कामाला येते. गेल्या हंगामातली माती वापरायची असेल तर ती ओली करून, पातळ पसरून, वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून चार ते सहा आठवडे भर उन्हात ठेवावी. आतली माती इतकी तापते की बुरशीची आणि तणाच्या बियांची संख्या बरीच घटते. इस्रायलमध्ये याकोव्ह काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली ही रीत शास्त्रीय पद्धतीने मांडली. तिथे उन्हाला तोटा नाही आणि आपल्याकडेही नाही. जी माती आता तापत टाकाल ती ह्या पेरणीला मिळणार नाही, दसऱ्याच्या झेंडूला मिळेल. आजच्या पेरणीसाठी नवी माती घ्यावी: एक भाग पोयटा, एक भाग चाळलेले जुने शेणखत, एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा भाताचे तूस. शेणखत चांगले कुजलेले हवे. ताजे खत मातीत गरम होते आणि बी भाजते.

आता बी म्हणजे काय ते थोडे पाहू. बी कोरडी दिसते, पण ती जिवंत असते, अगदी मंद श्वास घेत असते. आत एक लहानगा अंकुर आणि त्याच्याजवळ शिदोरी असते. पाणी आत शिरले की बी फुगते, आतले रस जागे होतात, पिठाची साखर होऊ लागते आणि श्वास एकदम वाढतो. त्या श्वासाला हवा लागते. म्हणून चिखलात बी उगवत नाही, कुजते. आणि दुसरी गोष्ट अशी की एकदा फुगून अंकुर हलला की बीला परत फिरता येत नाही. त्या टप्प्यावर एका दुपारी माती वाळली तर ती मेली. "बी खराब निघाली" म्हणून दुकानदाराशी भांडणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ती तिसऱ्या दिवशी दुपारी तहानेने मारलेली असते. वैशाखात गच्चीवरच्या डब्यातली अर्धा इंच माती दुपारपर्यंत खडखडीत होते. म्हणून उगवेपर्यंत डब्यावर ओले गोणपाट टाकावे आणि पहिला कोंब दिसताच त्याच दिवशी काढावे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली आणि पेरणीला वेळ सापडला, हे खरे. पण बी रविवार पाळीत नाही. तिला पहिले दहा दिवस रोज कोणीतरी पाहावे लागते. गावाला जायचे असेल तर पेरूच नये.

बी किती खोल टाकावी ह्याचा सर्वसाधारण हिशेब असा की तिच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती वर यावी. पण उजेड-अंधाराच्या बाबतीत बियांचे स्वभाव निराळे असतात, आणि हीच मला ह्या विषयातली सर्वांत रंजक गोष्ट वाटते. आपल्याकडे ज्याला चिनी गुलाब किंवा 'ऑफिस टाइम' म्हणतात त्याची बी धुळीसारखी. ती बारीक वाळूत मिसळून मातीवर नुसती भुरभुरावी, तळव्याने हलके दाबावी, वर काही घालू नये. त्याला भरपूर ऊन द्या, पाण्यात हात आखडता घ्या. हे फूल सकाळी नऊ-दहाला उघडते आणि दुपारनंतर मिटते, म्हणून ते नाव. ओव्हरटाइम ते करीत नाही.

सदाफुलीचे ह्याच्या उलट. तिच्या बीला उगवायला अंधार लागतो. अर्धा सेंटिमीटर माती टाकून डबा झाकून सावलीत ठेवावा, उगवण व्हायला दोन-तीन आठवडे लागतात आणि नवख्या माणसाचा धीर दहाव्या दिवशी सुटतो. सदाफुली मूळची मादागास्करची. १९५८ साली कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीर यांनी तिच्या पानांतून व्हिनब्लास्टिन हे द्रव्य वेगळे केले. खरे तर ते मधुमेहावरचे औषध शोधीत होते. त्यांच्या लक्षात आले की ह्या पानांच्या अर्काने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. त्यातून कर्करोगावरचे औषध निघाले, आणि त्याचे भावंड व्हिन्क्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात आजही देतात. हे सांगितले की सभेतून कोणीतरी विचारतोच, "मग रोज चार पाने खाल्ली तर?" खाऊ नयेत. ते झाड विषारी आहे. कारखान्यात शुद्ध करून, मोजून, डॉक्टरच्या देखरेखीखाली दिले जाते ते औषध. परसातला काढा म्हणजे विषाचा अंदाजपंचे डोस.

गोकर्णाची अडचण तिसरीच. तिचे टरफल इतके टणक की पाणी आत शिरत नाही. बीची एक बाजू काचकागदावर दोनदा घासावी, नाही तर कोमट पाण्यात रात्रभर भिजत घालावी. सकाळी ज्या फुगल्या त्या पेराव्या, ज्या तशाच राहिल्या त्यांना पुन्हा घासावे. वेल वर्गणी मागत नाही. कठडा किंवा दोरी मिळाली की चढतो, आणि शेंगवर्गी असल्यामुळे हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींत साठवितो. निळ्या फुलांच्या पाण्यात लिंबू पिळले की ते जांभळे होते. नातवंडांना हे एकदा दाखवा, मग पाणी घालायला माणसे मिळतात.

गुलबक्षी तर मला माझ्या लहानपणासकट आठवते. गिरणगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत डालड्याचा मोठा डबा होता, त्यात गुलबक्षी. वडिलांची पहिली पाळी सकाळी सातला सुरू व्हायची आणि साडेतीनला सुटायची. ते हातपाय धुऊन चहाला बसत तेव्हा ती उघडायला लागायची. आई घड्याळाकडे पाहत नसे. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, पाळ्या थांबल्या, वडील दिवसभर घरी. गुलबक्षी चारलाच उघडत राहिली. पुढे चाळ सुटली तेव्हा आईने सामानात काय बांधले असेल, तर मिऱ्याएवढ्या काळ्या बिया, रुमालाच्या गाठीत. ही बी पेरायला सर्वांत सोपी. बोटाचे एक पेर खोल खुपसावी, आठ-दहा दिवसांत वर येते. खाली कंद धरते, म्हणून पुढच्या वर्षी बी न टाकताही फुटते. मात्र बी नि कंद दोन्ही विषारी असतात. मिऱ्यासारख्या दिसत असल्यामुळे लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्या.

झिनिया म्हणजे उन्हाचे पोर. चार-पाच दिवसांत उगवते. तिला जागा बदललेली आवडत नाही, तेव्हा जिथे फुलायची तिथेच पेरावी, आणि पावसाळ्यात पानांवर भुरी येते म्हणून हातभर अंतर सोडून लावावी. तिच्याबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही, ती स्वतःच सगळे करते. पिवळ्या-नारिंगी कॉसमॉसबद्दल मात्र सांगितले पाहिजे. कुंडीत तो देखणा दिसतो, दोन महिन्यांच्या आत फुलतो, बी ढीगभर देतो. पण पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर तो रानोमाळ पसरला आहे आणि तिथल्या गवताला, रानफुलांना जागा उरू देत नाही. अलीकडे जूनमध्ये बीजगोळे करून डोंगरावर फेकण्याची टूम आहे. हेतू चांगला असेल, पण त्या गोळ्यांत घरच्या परदेशी फुलांच्या बिया घालू नका. डोंगराचे स्वतःचे बी डोंगरात आहे. त्याला पाऊस लागतो आणि आपले पाय कमी लागतात.

तेरडा आपला. कोकणात तेरड्याच्या गौरी आणतात; रोपे मुळांसकट आणायची, आणि ती मुळे म्हणजे गौरीची पावले असा समज आहे. तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण एका फुलापुरती खरी. झाड महिनाभर फुलत राहते. बी अर्धा सेंटिमीटर खोल, उगवण आठवड्यात, फूल पन्नास-साठ दिवसांत. मेअखेर पेरला तर श्रावणात तो फुलतो. त्याच्या देठात पाणीच पाणी, म्हणून कुंडी एक दिवसही कोरडी पडू देऊ नये.

आता स्वयंपाकघर आणि औषध. तुळशीची बी मातीवर टाकून चिमूटभर बारीक खत भुरभुरावे, खोल गेली तर ती वर येत नाही. दहा-बारा दिवस लागतात. सब्जा हाही तुळशीचाच भाऊ. किराणा दुकानातून फालुद्यासाठी आणलेल्या सब्जातले चमचाभर बी पेरा, ते बहुधा उगवते. भिजत मात्र घालू नका, कारण भिजले की त्याभोवती बुळबुळीत आवरण येते आणि बिया हाताला चिकटून बसतात. मुंग्यांना ह्या बिया फार आवडतात. जुन्या घरांत फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवीत. रोपांच्या पाटाखाली तशाच ठेवाव्या.

धण्याचा एक दाणा म्हणजे खरे पाहता दोन बिया. चपलेखाली हलके रगडून दाणा दुभंगायचा, बारा तास भिजवायचा, मग पेरायचा. कोथिंबिरीला हा ताप मानवत नाही. कडक उन्हात ती उगवत नाही आणि उगवली तर लगेच तुरा धरते. तेव्हा सकाळचे ऊन येईल आणि दुपारी सावली असेल अशी जागा द्यावी. जून-जुलैत बाजारात जुडीचे भाव चढतात तेव्हा ह्या खटपटीचे चीज होते. शेपूही असाच पेरता येतो. पुदिना, गवती चहा आणि पानांचा ओवा हे बियांचे गिऱ्हाईक नव्हेत. त्यांची काडी किंवा ठोंब शेजाऱ्याकडून मागून आणावा. मसाल्याचा ओवा आणि बडीशेप थंडीत पेरायची. आज पेरलीत तर पैसे मातीत जातील, आणि तेही उगवणार नाहीत.

बी विकत घ्यायची तर पाकिटावर उगवणशक्ती आणि चाचणीची तारीख पाहावी. १९६६ चा बियाणे कायदा झाल्यापासून अशा खुणेला कायद्याचा आधार आहे, पण पाकीट उलटून वाचणारे गिऱ्हाईक थोडे. घरची बी असेल तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ताटलीत ठेवावे. आठवड्यात सात-आठ फुटले तर बिनधास्त पेरावे, चार फुटले तर दुप्पट टाकावे, एकच फुटला तर कोंबड्यांना घालावे.

आता बी राखण्याविषयी. २००४ च्या त्या नुकसानीनंतर उरलेल्या दीड-दोनशे रोपांतून बायांनी झेंडूचे बी धरले आणि पुढच्या वर्षी पेरले. ह्या खेपेला एकही रोप कोलमडले नाही, पण फुले आली ती कोणी उंच, कोणी बुटके, कोणी गच्च गोंड्याचे, कोणी एका पाकळीच्या ओळीचे. गिऱ्हाइके परत आली. चूक अशी की पहिले पाकीट संकरित बियांचे होते. दोन निवडक वाणांच्या संकराची पहिली पिढी एकसारखी येते, तिच्या पोटची दुसरी पिढी आजा-पणजांचे गुण वाटून घेते. मेंडेल नावाच्या धर्मगुरूने वाटाण्यांवर प्रयोग करून हे १८६६ सालीच छापले होते. आमच्या वाचनात ते एक वर्ष उशिरा आले. तेव्हा ज्याला बी घरात राखायची आहे त्याने सरळ वाणच मागावे. संकरित बी वाईट असते असे माझे म्हणणे नाही. ती दरवर्षी विकत घ्यावी लागते, एवढे ठाऊक असू द्यावे.

दुसरी चूक घरोघर होते आणि ती जास्त खोल आहे. झाडावरचे सर्वांत मोठे, टपोरे फूल आपण देवाला वाहतो. त्यानंतरचे बायकांच्या वेणीत जाते. राहिलेले शेवटचे, किडके, उशिरा आलेले फूल झाडावर वाळते आणि त्याचे बी आपण जपून ठेवतो. असे पाच-सहा वर्षे केले की झेंडू उतरला, माती कसदार राहिली नाही, अशी तक्रार सुरू होते. आक्का फुले यायला लागली की सर्वांत सशक्त झाडाला लाल दोरा बांधीत, आणि त्याला कोणी हात लावायचा नाही, गणपतीसाठीसुद्धा नाही. त्यांच्या घरात ह्यावरून भांडण होई. त्या म्हणत, देव पुढच्या वर्षीही येणार आहे.

झेंडूचे बोंड पूर्ण वाळले की तोडावे. आतली काळी, बारीक काडीसारखी, टोकाला भुऱ्या केसांची, तीच बी. तेरड्याची शेंग पिकली की हात लावताच फुटते आणि बी उडते, म्हणून पिवळसर होताच तिच्यावर मलमलीची पिशवी बांधावी. बी सावलीत आठवडाभर सुकवावी, काचेच्या बरणीत तळाला कोरडी चाळलेली राख घालून वर कागदी पुडीत ठेवावी. ओल आणि उष्णता हे बियांचे दोन शत्रू. अभ्यासकांचा एक ठोकताळा आहे की बीतला ओलावा शंभरांत एकाने घटला की तिचे आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि साठवणीची उष्णता पाचेक अंशांनी उतरली तरी तसेच. राखेच्या मडक्यात बी ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना हा हिशेब कोणी सांगितला नव्हता. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळा पाहिली नाही. त्यांनी आपल्या भागातली भाज्यांची आणि धान्याची गावरान बियाणी गोळा करून जतन केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

कायद्याची कलमे ऐकविणार नाही असे सुरुवातीला मी सुचविले होते, पण एक ऐकाच. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचाही हक्क मान्य केला आहे. संरक्षित वाणाचे बी नाव-छाप लावून विकता मात्र येत नाही. जगात असे थोडे कायदे आहेत. पण हक्क कागदावर असला आणि घरात सरळ वाणाची मूठभरही बी नसली, तर तो वापरणार कोण? पगाराच्या पावतीबद्दल मी सभासदांना हेच सांगत आलो आहे: जपून ठेवा, मागण्याचा प्रसंग आल्यावर ती पुन्हा मिळत नाही.

त्या अकरा घरांपैकी चार घरांतल्या बाया अजून दर जुलैत रोपे विकतात. मदतनिधीची रक्कम त्यांनी तिसऱ्या वर्षी पुरी फेडली. आक्का आता नाहीत.

दाराजवळच्या टेबलावर तेरडा, गुलबक्षी आणि सरळ वाणाचा मखमली झेंडू, अशा बियांच्या पुड्या ठेवल्या आहेत. प्रत्येक पुडीवर बी धरल्याची तारीख लिहिली आहे. एका घराने एकच पुडी न्यावी. नेणाऱ्यांनी दहा दाणे फडक्यात घालून आधी पाहावे, आणि २५ मेच्या आत पेरावे. गच्चीवर डबा ठेवणार असाल तर आज रात्रीच त्याला खालून भोके पाडा. उद्या सकाळी ते राहून जाते.